काचांना ऊन दाखवलंस का?

आमच्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये सगळ्यात चांगल्या सेलला चॅम्पियन म्हणतात. एका खेपेला नखाएवढे वीस सौर सेल काचेवर बनवायचे. त्यातला जो सर्वात जास्त वीज देईल तो चॅम्पियन. त्याचा आकडा शोधनिबंधात छापायचा, उरलेले एकोणीस कचऱ्याच्या डब्यात. चार वर्षं मीही हेच केलं आणि कॉलर ताठ करून केलं, हे आधीच सांगून टाकते.

एका रविवारी दिंडोशीच्या आमच्या घरी आई पापडांचा डबा घेऊन गच्चीवर निघाली होती. आमच्याकडे पापड, कोकमं, मिरच्या, गाद्या, सगळ्यांना उन्हाळ्यात ऊन दाखवतात. मी मदतीला म्हणून वर गेले आणि मदत सोडून माझ्या नव्या चॅम्पियनची फुशारकी मारत बसले. पापड पसरता पसरता तिने विचारलं, "तुझ्या त्या काचांक कधी ऊन दाखवलंस काय गो?"

मी आधी हसले, मग आठवून पाहिलं. नव्हतं दाखवलं. आमचे सेल कोरड्या हवेच्या बंद पेटीत जन्मतात आणि एसी खोलीत, सूर्याची नक्कल करणाऱ्या दिव्याखाली परीक्षा देतात. माझ्या एकाही सौर सेलने सूर्य पाहिला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

पुढच्या खेपेचे वीसच्या वीस सेल मी घरी आणले. वीज नेणारी तार तेवढी बाहेर ठेवून कडा सीलबंद केल्या, नंबर टाकले आणि पापडांशेजारी फळीवर मांडले. चांगली काच काळपट तपकिरी असते; दमट हवा आत शिरली की पिवळी पडते, म्हणजे मेली. मी दिवसभर लॅबमध्ये, त्यामुळे पहारा आईचा. दूधवाल्याचे खाडे ती ज्या कॅलेंडरवर लिहिते त्यावरच तिने लिहायला घेतलं: सात नंबर पिवळी, तारेकडून. अकरा नंबर पिवळी, तारेकडून. दिव्याखाली चॅम्पियन ठरलेला तीन नंबर पहिल्याच आठवड्यात गेला, तोही तारेकडून.

ते 'तारेकडून' मी दहा वेळा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तार जिथून बाहेर येते तिथलं आमचं सील कच्चं होतं. चार वर्षांत कुठल्याही दिव्याने हे सांगितलं नव्हतं. मी त्यावर प्रबंधाचं पाचवं प्रकरण लिहिलं.

माझे मार्गदर्शक सर वाईट माणूस नाहीत. पेटीत हात घालून धीराने काम करायला त्यांनीच शिकवलं. पण ते प्रकरण वाचून ते भडकले.

"मुंबईच्या हवेत ठेवलेस तर वाट लागणारच ना! त्यात संशोधन काय?"

"मग सर, हे सेल लावणार कुठे? पेटीत?"

"ते प्रकरण काढ. शुक्रवारी नवा मसुदा आण, तिथल्या तिथे सही करतो."

त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. प्रबंध जमा झाला नाही तर पावसाळ्यात सुरू होणारी माझी नोकरी गेली. हे त्यांना ठाऊक होतं, मला तर होतंच. गुरुवारपर्यंत मी घाबरलेली होते, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी मसुदा दिला. पाचवं प्रकरण काढलं नव्हतं, उचलून पहिलं केलं होतं. सोबत कॅलेंडरच्या पानाचा फोटो.

"हे अक्षर कोणाचं?"

"आईचं. निरीक्षणं तिची आहेत, म्हणून नावही तिचं घातलंय."

"परीक्षक हसतील."

"हसू देत. हसून झालं की तारेपाशी सील का गळतं ते सांगावं त्यांनी."

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि मसुदा माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. त्यांच्या टेबलावरच ठेवून बाहेर आले. जिना उतरताना त्या टेबलाकडे परत जावंसं एकदाही वाटलं नाही.

खाली येऊन आईला फोन लावला.

"सही झाली?"

"नाही."

"मगे त्या काचा काढू काय गच्चीवरून?"

"हात लावू नकोस. ऊन दाखवायला ठेवल्यात."

"बरां," ती म्हणाली, "मगे पापड पलीकडे घालतंय मी."