चौथी पट्टी

आबा ओट्यावरून घसरले आणि त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. धाकटी बहीण लगेच तयार झाली, मी अडून बसलो. सत्तरीच्या माणसाला भूल कशाला? आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाचा हात शहाद्याकडच्या हाडवैद्याने जोडला होता. मी थोरला, माझंच चाललं.

दर आठवड्याला मी आबांना गाडीत घालून तिकडे न्यायचो. पाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. दुसऱ्या पट्टीनंतर ठणका वाढला. "हाड धरतंय, दुखणारच," वैद्य म्हणाला. तेच मी बहिणीला फोनवर ऐकवलं.

"दादा, आते तरी दवाखानामा लई जाय," ती म्हणाली.

"इलाज मधमाच सोडी देऊ का?" मी तिच्यावर खेकसलो.

तिसऱ्या पट्टीनंतर आबांचं अंग पुसताना पायाची बोटं हाताला लागली. गार होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचा अर्थ मला कळला नाही, असं नाही. पण तिथेच थांबलो असतो, तर आबांनी इतके दिवस माझ्या हट्टापायी सोसलं, हे कबूल करावं लागलं असतं. मी लोकरी मोजा काढून त्या पायावर चढवला. "थंडी शे," असं आईला सांगितलं. चौथ्या पट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार होऊन मीच बसलो होतो.

त्यानंतर चार दिवसांनी बहीण न कळवता आली. खोलीत येताच तिने ओढणी नाकाला लावली आणि मोजा ओढला. बोटं काळी पडली होती. बाहेर जाऊन तिने गाडी बोलावली.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

भेटायला येणाऱ्यांना आबा सांगतात, "मन्हाच हट्ट व्हता. पोऱ्या तं पहिलाच दिन दवाखाना म्हने." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी दारात चहा घेऊन उभा होतो. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. मी कप पुढे केले.

त्याला आता वर्ष होईल. खरं काय ते सांगायला गेलो, तर इतके दिवस गप्प का होतो, तेही सांगावं लागेल. कालही कोणी आलं होतं. मी चहा दिला.