व्याह्यांचं 'असेल'

एका पक्ष्याचे मी दोन पक्षी केले, आणि ते दोनच असल्याचं वर्षानुवर्षं गावभर सांगत सुटले. साक्षीला होते माझे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील. आणि खात्री नसताना कशालाही 'हो' न म्हणणारा त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

देवरूखला मुलांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून एस्टीतून आमच्याकडे उतरतात. चहात साखर पुरे ना, असं विचारलं तर दोन घोट घेऊन म्हणतात, "असावी." खुद्द लेकीच्या लग्नात कुणी "जेवलात का?" म्हटलं, तर "बहुतेक" म्हणाले. डोक्यावरून कावळा गेला तरी "कावळ्यासारखा वाटला, शेपूट नीट दिसली नाही" इतकंच. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत टिलवा नावाच्या एका चिमुकल्या पक्ष्यासमोर ते सबंध ओहोटी बसून राहिले, आणि तो उडून गेल्यावर मलाच विचारलं, "पाय कुठल्या रंगाचे होते हो?" मी शिंपले वेचत होते.

तर लग्नानंतरचा पहिला चैत्र. मी नवी कोरी वरमाई. मानाची पैठणी घडी करून ठेवली तरी अंगातून उतरलेली नव्हती. पाण्याच्या कडेला चिखल्यांची पळापळ चालली होती. चिमणीहून थोडा मोठा पक्षी, चार पावलं धावायचं नि थबकायचं. बरेचसे करडे, काही मात्र छातीला विटकर फासल्यासारखे तांबडे. मी दुर्बीण मागून घेतली, उलटी धरली, काही दिसेना म्हणून बाजूला ठेवली आणि जाहीर केलं, "हे तांबडे वेगळ्या जातीचे. खानदानी दिसतात. आम्ही लहानपणापासून बघतो ना." लहानपणी मी त्या किनाऱ्यावर मासळीच्या टोपलीपलीकडे काही बघितलं नव्हतं. व्याह्यांनी दुर्बीण उचलून परत गळ्यात अडकवली. मग म्हणाले, "असेल."

ते 'असेल' मी दरवर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर वाढलं. "आमच्या व्याह्यांनीसुद्धा मान्य केलंन," असं मी बायकांना सांगत असताना सूनबाई मान खाली घालून पन्हं फिरवायची.

यंदा नातवाचे दुधाचे दात पडायला लागलेत, आणि व्याह्यांना लांबचं दिसेनासं झालंय. आता भाट्याला मी बघते आणि त्यांना सांगते. परवा सांगता सांगता अडखळले. समोरचा चिखल्या अर्धा करडा, अर्धा तांबडा होता. रंगारी मध्येच जेवायला उठून गेल्यासारखा.

"व्याही, हा अर्धाच रंगलाय."

"हं."

"म्हणजे तांबडे ते वेगळे नव्हेतच? करड्यांनाच रंग चढतो?"

"हो. उत्तरेला परत जायच्या आधी."

त्यांच्या तोंडून धडधडीत 'हो' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसली. तिचा त्यांना आता फारसा उपयोग नाही.

"विहीणबाई, पक्षी काय, पुढच्या वर्षी पुन्हा आले असते. माझी मुलगी तुमच्या घरी नुकतीच आली होती."