संतपूरचे निसर्गप्रेमी लेखक

आमच्या संतपूरच्या बालसाहित्य मंडळात आम्ही पाचच लेखक. लिहितो फक्त पर्यावरणावर! गोष्टी छापायला कुणी मिळत नाही, किस्से मात्र न लिहिताच साचत जातात.

*

अध्यक्ष बसअण्णा आडत दुकान सांभाळून उरलेल्या वेळात निसर्ग वाचवतात. त्यांच्या कथेतली चिमणी म्हणते, "अगंबाई, किती हा उकाडा!" शाळेत ती कथा वाचली तर एका पोरीनं विचारलं, "अण्णा, ही चिमणी पुण्याची हाय का ओ?"

"व्हय. आपल्या चिमण्यांना भाषण जमत न्हाई!"

*

ठाणाकुशनूरच्या विजयाबाईंनी 'साप हा मित्र' असं पटवणारी गोष्ट लिहिली, बक्षीसही मिळवलं. त्याच आठवड्यात घरात धामण निघाली. बाई पलंगावर चढून "मारा, मारा!" ओरडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मित्र की तुजा!"

"मित्र हाय तर वावरात ऱ्हावं, सैपाकघरात कामून आलाय?"

*

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खा तालुका शेतात जेवायला जातो. आम्ही 'निसर्गाकडे चला' ही कार्यशाळा नेमकी त्याच दिवशी ठेवली. तीही हॉलमध्ये! पोरं नाहीत, हॉलला कुलूप. राखणदाराला फोन केला तर येळवशीची डाळी-भाज्यांची भज्जी खातखात म्हणाला, "समदं गाव निसर्गात हाय, तुमी तिथं काय करायलाव?"

*

आणि परवाचं अण्णांच्या पुस्तकाचं प्रकाशन! शाळेच्या आवारात चिंचेखाली मांडव घातला होता. चिंचेची मोठी फांदी अण्णांच्या फ्लेक्सवर आली, नेमकी फोटोतल्या चेहऱ्यावर. अण्णांनी कुऱ्हाडवाला बोलावला. त्याच फांदीच्या सावलीत चौथीची पोरं दुपारी जेवतात. पण अध्यक्षांना बोलणार कोण?

पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायला चौथीतली श्रावणी आली होती. त्या गोष्टीत झाडाला विचारल्याशिवाय कुणी पानसुद्धा तोडत नाही. ती उठून म्हणाली, "अण्णा, आधी चिंचेला इचारा की."

"बाळ, ती गोष्ट हाय."

"मग मी वाचू का नको?"

सगळी शाळा अण्णांकडे बघत होती. अण्णांनी चप्पल काढली, बुंध्याला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

शेवटी कुऱ्हाडवाल्यानंच विचारलं, "काय म्हणायलंय, अण्णा?"

अण्णांनी चष्मा पुसला.

"फ्लेक्स काढा म्हणायलंय!"