हात लावून घेतलेलं माप

माझे बाबा दानीएल सुतारकामात हुशार आणि बोलण्यात अगदीच कच्चे. नगरला मिशनच्या कारखान्यात ते रंधा मारायला शिकले आणि लग्नानंतर घोडेगावात येऊन बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करू लागले. गावाला त्यांच्या हातचं चाक चालायचं, त्यांचा हात मात्र चालायचा नाही. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी आमची जुनी जात गावाला तोंडपाठ होती. मला याचा अजूनही संताप येतो. बाबांना यायचा की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

१९४६च्या उन्हाळ्यात बन्सीआण्णा आमच्या अंगणाबाहेर येऊन उभे राहिले. शुक्रवारच्या बैलबाजारातले हे जुने दलाल. वय सत्तरीच्या आसपास, जीभ तिखट आणि डावा गुडघा कामातून गेलेला.

"दानीएल, दिसभर उभं ऱ्हावत न्हाई आता. गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाकडं जाया लागलंय."

"काठी करून देऊ का, आण्णा?"

"काठी बघून बैल बुजतो. बुजऱ्या बैलाला कोन इचारतंय? आन् दात बघायला दोनी हात लागत्यात. पर घरी बसलो तर मी मेलोच म्हनून समज."

बाबा चार दिवस डोकं खाजवत बसले. मग त्यांनी सागाचे तीन बारीक दांडे मधोमध एका लोखंडी कडीत ओवले आणि वर लष्करी लिलावातलं तंबूचं कापड ताणून बसवलं. मिटलं की घोंगडीखाली पाठीला अडकवायचं, उघडलं की त्यावर टेकायचं. धड बसणं नाही, धड उभं राहणं नाही, पण दोन्ही हात मोकळे.

घोटाळा झाला तो मापात. कमरेपासून जमिनीपर्यंत सुतळी बाबांनी लावायला हवी होती. पण शिवाशिव नको म्हणून आण्णांनी ती स्वतःच लावली, खाली वाकून गाठ मारली आणि सुतळी बाबांसमोर जमिनीवर टाकली. वाकलेल्या माणसाच्या मापाची बैठक चार बोटं बुटकी झाली. शुक्रवारी आण्णा भर बाजारात तिच्यावर टेकले ते उठेनातच. दोघांनी बगलेत हात घालून उठवलं. एक शेतकरी म्हणाला, "आदी सोताला उठवा, मंग आमचा बैल इका." सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी ती बैठक आमच्या अंगणात भिरकावली. "तुझं काम फसलं!"

बाबांनी माझ्या देखत पहिल्यांदाच कुणाला उलट उत्तर दिलं. "काम न्हाई, आण्णा, माप फसलं. हात लावून मला घेऊ द्या. आन् तेबी बाजारातच, तुमी बैलापाशी उभं असताना. हितं तुमी वाकून उभं ऱ्हाता."

बाजारातच का, हे मी बाबांना पुढे विचारलं. "तिथंच ते ताठ असायचे," असं ते म्हणाले. मला ते अर्धंच खरं वाटतं. बाबा दिसत होते तितके काही साधे नव्हते.

आण्णा पाठ फिरवून निघून गेले. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी निरोप धाडला. मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिकवत होते, त्या दिवशी मीही बाबांबरोबर गेले. आण्णा एका खिल्लार जोडीपाशी उभे होते. बाबा मातीत गुडघे टेकून बसले, एक हात आण्णांच्या कमरेच्या हाडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो सुजलेला गुडघा अलगद सरळ केला. जोडीच्या मालकाने एकवार पाहिलं, कासरा हातात घेतला आणि बैल घेऊन तो दुसऱ्या दलालाकडे चालू लागला. ते पाहून बाबा हात मागे घ्यायला लागले.

"हात काढू नगंस," आण्णा त्या जाणाऱ्या जोडीकडे बघत म्हणाले. "पुन्ना माप चुकंल."

ते माप चुकलं नाही. नव्या बैठकीवर आण्णांनी आणखी सात वर्षं बाजार केला. त्यांच्या विहिरीवर आमचा हंडा मात्र कधीच भरला नाही. त्यावरून मी त्यांना बोल लावायला लागले की बाबा मला थांबवायचे.

"त्यांनी माझ्यासाठी गिऱ्हाईक जाऊ दिलं, दया."