तिन्हीसांजेचा लाल बल्ब

काल तुळजापूरच्या स्टँडबाहेर चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरचा वास आला आणि मी एकदम धाराशिवच्या आमच्या भाड्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

आम्ही दोघं नवराबायको घरातच फोटो धुवायचो, तेव्हा असाच आंबट वास सुटायचा. त्या दिवशी लाईट आली ती थेट तिन्हीसांजेला. फोटोचा कागद एकच उरला होता आणि सकाळी फोटो प्रदर्शनाला पाठवायचा होता. यांनी खिडकीला वाकळ बांधली, लाल बल्ब लावला. कोपऱ्यात देवापुढं सासूबाई काडीपेटी घेऊन बसलेल्या.

"आई, काडी ओढू नको. कागद काळा पडंल."

"तिन्हीसांजंला देव अंधारात ठिवता व्हय? लग्नाचे फोटू काढायचे सोडून हे काय! त्यात एक माणूससुदिक न्हाय."

आता त्या काडी ओढणारच, असं वाटत होतं. हात मात्र कागद बुडवलेला औषधाचा ट्रे हलवत होते. पांढऱ्या कागदावर हळूहळू एक दगड उमटायला लागला. तेरच्या नदीकाठचा, धुणं आपटून आपटून मधोमध झिजलेला. तेर सासूबाईंचं माहेर. त्या उठून आल्या, ट्रेवर वाकल्या.

"ह्यो तर आमचा दगूड. माझी माय हितंच धुणं धुयाची."

कागद वाचला, एवढंच तेव्हा मला कळलं. आज वाटतं, आमचं पहिलं प्रदर्शन त्या खोलीतच भरलं होतं. सासूबाईंनी काडीपेटी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "दिवा थांबंल घटकाभर. आधी मायचा दगूड नीट येऊ दे."