कंपनीतलं तीर्थ

आमच्या चाळीत कुणाचा नवरा काय करतो असं विचारलं, की उत्तर एकच. कंपनीत आहे. कंपनी कसली, हे सहसा कुणी विचारत नसे. पगार वेळेवर होतो का, एवढं कळलं की पुरे. गिरण्यांच्या संपात आमच्या ह्यांची नोकरी गेली, मग वर्षभर मिळेल ते काम केलं, आणि शेवटी मुलुंडलाच, डोंगराच्या बाजूला, एका छोट्या कारखान्यात लागले. तिथे रम बनायची. मोठा कारखाना नव्हे हो. एक शेड, एक तांब्याचं भांडं, मागे लाकडी पिंपांची अंधारी खोली, आणि पंधरावीस माणसं. मालक हौशी होता. थोडीच करायची पण चांगली करायची, असं त्याचं म्हणणं.

आमचे हे तिथे पिंपं ढकलायला लागले आणि वर्षाच्या आत चाखायला बसले. ते कसं झालं, तर रम मुरवणारे जे म्हातारे वस्ताद होते, त्यांना हाताखाली असा माणूस हवा होता ज्याची जीभ स्वच्छ आहे. आणि गिरणीतून आलेला, पण तंबाखू नाही, विडी नाही, दारू नाही, असा माणूस त्यांना ह्यांच्याशिवाय दुसरा मिळाला नाही. म्हणजे दारू पीत नाही म्हणून दारू चाखायची नोकरी. हे स्वतः सांगायचे आणि हसायचे. मला काही हसू येत नसे. मी शेजारणींना म्हणायचे, कंपनीत आहेत, बढती मिळाली.

मला का हसू येत नव्हतं ते सांगायला हवं. माझे वडील दारूनं गेले. मी अकरा वर्षांची होते. गावी खाडीपलीकडे भट्टी होती, तिकडून त्यांना दोन माणसं धरून आणायची, आणि एकदा आणलं ते ओटीवरच निजवलं, ते उठलेच नाहीत. आईनं मग दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हां भावंडांना वाढवलं. ज्या घरात बाटली असेल त्या घरात ती पाणी पीत नसे. नातेवाइकांच्या लग्नातूनसुद्धा ती न जेवता उठून आलेली आहे.

आणि तीच आई त्या वर्षी माझ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. खरं म्हणजे मी गावी जायचं. पण माझं पहिलं सहाव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. मला दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, नणंद लांब. आई परत गेली तर मी काय करणार, ह्या एका विचारानं मला रात्र रात्र झोप लागत नसे. पोटात सातवा सरत आला होता.

ह्यांच्या कपड्यांना मळीचा वास यायचा. मळी म्हणजे साखर काढून उरतो तो काळा पाक, त्याचीच रम होते. आईनं पहिल्याच दिवशी शर्ट धुवायला घेतला, नाकाला लावला आणि म्हणाली, जावयाची गुळाची कंपनी दिसते, काकवीचा वास येतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे. चूल कसली, स्टोव्ह होता, पण बघायला काहीतरी हवं होतं.

हे म्हणायचे, सांगून टाक. मी म्हणायचे, सांगते. मग एक दिवस तेच म्हणाले, "खंडेनवमीला कंपनीत पूजा आहे, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. आईंना घेऊन येऊया. मी आधी सगळं नीट दाखवतो आणि मग सांगतो. न दाखवता सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे ती गावची भट्टीच येणार." मला ते पटलं. आमचं दोघांचं ठरलं. आणि आई तर आनंदानं तयार झाली. जावयाची कंपनी बघायची, पूजेला बसायचं, म्हणून तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

शेड धुऊन काढली होती. त्या दिवशी काम बंद. तांब्याचं भांडं चिंचेनं घासून असं लखलखीत केलं होतं की आईनं आधी त्यालाच हात जोडले. एवढं मोठं तांब्याचं भांडं, वर निमुळती होत गेलेली मान, तिला झेंडूचा हार. पान्हे, हातोड्या, मोजमापाच्या नळ्या, सगळ्यांना हळदकुंकू. धूप इतका घातला होता की कुठला वास कुणाचा ते कळू नये. त्यात मळीचा गोड वास. आई म्हणाली, आमच्या गावच्या गुऱ्हाळापेक्षा मोठं आहे. मी नुसती मान हलवली.

आरती झाली. आता हे आईला फिरवून आणणार, मग बाजूला बसवून सांगणार, असं ठरलेलं. पण आरती झाल्याझाल्या वस्ताद पुढे आले. त्या कारखान्याची एक रीत होती, ती ह्यांना माहीत होती पण त्या गडबडीत लक्षात राहिली नाही. भांड्यातून काढून ठेवलेली, अजून पिंपात न गेलेली रम एका कळशीत पाणी घालून ठेवायची. पिंपात गेल्यावर तिला रंग येतो, आधी ती पाण्यासारखी असते. वस्तादांनी तांब्याच्या पळीनं थोडी भांड्याच्या पायाशी ओतली आणि मग एकेकाच्या हातावर घालायला सुरुवात केली. कामगार चेष्टेनं तिला तीर्थच म्हणायचे.

मोठी माणसं आधी, म्हणून कुणीतरी आईला पुढे केलं. मी मागे होते, पोट घेऊन गर्दीत घुसता येईना. वस्तादांनी अदबीनं विचारलं, आजी, चालेल ना तुम्हांला? आई हसून म्हणाली, "तीर्थाक नको कोण म्हणतलो?"

तिनं हात खोलगट करून पळीभर घेतलं, एका घोटात प्यायली, आणि जसं आपण सगळ्या बायका करतो तसं, ओला हात दोन्ही डोळ्यांवरून फिरवून डोक्यावरून मागे नेला.

ती ओरडली नाही. डोळे गच्च मिटून नुसती उभी राहिली. चेहरा लाल झाला. पाणी वाहायला लागलं. मागे उभ्या असलेल्या एका कामगाराला वाटलं, म्हातारीला जोरात लागली. तो म्हणाला, "काय आजी, झकास ना?" आणि चारपाच जण हसले. आईनं मिटल्या डोळ्यांनीच, हळू, म्हणजे अगदी एखाद्या माणसाला ओळखल्यासारखं म्हटलं, "ही दारू आसा."

हसणं थांबलं. त्या क्षणी मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी पोटासकट आत जावं. लोकांच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. हे पाण्याची बादली घेऊन धावले. आईला पालथ्या खोक्यावर बसवलं, मी पदरानं तिचे डोळे पुसायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच पाण्याचे हबके मारले. वस्ताद तर रडवेले झाले होते, पुन्हा पुन्हा म्हणत होते की मला वाटलं आजींना ठाऊक आहे.

मला वाटलं, आता उठेल, घरी जाऊन ट्रंक भरेल. पण ती उठली ती माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "आता आणलास तर सगळां दाखवा."

मग हे दाखवायला लागले. पुढे हे, मागे नाकाला पदर लावून आई, तिच्या मागे मी. कामगार लांबून बघत होते. हे मळीची टाकी दाखवत होते, फसफसणाऱ्या हौदांची झाकणं उचलून दाखवत होते, भांड्यातून वाफ कशी वर चढते आणि थंड होऊन धार कशी उतरते ते हातानं करून सांगत होते. पिंपांच्या खोलीत म्हणाले, इथे वर्षं वर्षं नुसती पडून राहते, तेव्हा कुठे तिला चव येते. किती हौसेनं सांगत होते, आणि आई नाकावरचा पदर काढत नव्हती. मला त्यांच्या हौसेचीच लाज वाटायला लागली होती. म्हटलं, अहो, आवरा आता.

शेवटी ह्यांच्या बसण्याच्या जागी आलो. एक टेबल, ओळीनं छोटे पेले, बाजूला इनॅमलचं तस्त. आईनं ते सगळं पाहिलं आणि मग पहिल्यांदा विचारलं, "ह्येतला तुमी कितकां पितास?"

हे म्हणाले, "पिऊक नाय, आई. चाखतंय आनी थुकतंय."

आईनं तस्ताकडे पाहिलं. मग म्हणाली, "थुकान दाखवा."

एव्हाना मालकही दाराशी येऊन उभा राहिला होता. वस्ताद होते, कामगार होते, दोघांतिघांच्या बायका होत्या. जावई माणूस, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, आई, पुरे ना गं. तिनं ऐकलंच नाही. ह्यांनी पेला उचलला, घोट तोंडात घेतला, गालातून इकडून तिकडे फिरवला आणि तस्तात थुंकले. आई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती गळ्याकडे बघत होती. घाटी हलते का, खाली जाते का, ते बघत होती.

"परत."

त्यांनी परत केलं. तिनं आणखी एकदा करायला लावलं. शाळेत उभं केलेल्या पोरासारखे हे उभे, मिशीला ओल लागलेली, आणि ही म्हातारी त्यांच्या गळ्याला डोळे लावून. मालक मध्ये पडला. म्हणाला, आजी, हा माझा सगळ्यांत भरवशाचा माणूस आहे, ह्याला व्यसन नाही म्हणून तर ठेवलाय. आई तस्तात वाकून बघत होती.

परत येताना रिक्षात आई ओला पदर डोळ्यांना लावून बसली. तिचे डोळे सुजले होते. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, डोक्यावरून पाणी घेतलं, चहासुद्धा घेतला नाही. मी वाट बघत होते. खिडकीशी जाऊन बसली आणि म्हणाली, "तुझो बापूसय पयलो चाखायचोच."

मी म्हटलं, हे तसे नाहीत गं. तुला राहायचं नसेल तर राहू नको, पण हे तसे नाहीत. हे मी म्हटलं खरं, पण तिनं जाऊ नये म्हणून मनात देवाला हात जोडत होते.

ती म्हणाली, "मी बाळंतपण करूनच जातलंय. पण जावय घराक इले काय आदी माका तोंड दाखवतले."

आणि तेच सुरू झालं. संध्याकाळी कंपनीतच चुळा भरून हे जिना चढून आले, की आई दारातच उभी. हे चपला काढायच्या आधी खाली वाकायचे, तोंड उघडायचे, आई नाक पुढे करून वास घ्यायची. आमची खोली गॅलरीच्या मधोमध, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसायचं. आईनं आल्या आल्या चाळभर सांगितलेला गुळाच्या कंपनीचा विषय तर पहिल्याच आठवड्यात संपला. आईनंच नळावर सगळ्यांना सांगून टाकलं, जावई दारूच्या कारखान्यात आहे म्हणून. शेजारीण भांडी घासता घासता ह्यांना हाक मारायची, काय भावजी, आज पास का नापास? हे म्हणायचे, पास, वहिनी, फर्स्ट क्लास. मी आतून दिवा लावत असायचे, आणि मला बाहेर तोंड काढवत नसे. मी एकदा ह्यांना म्हटलं, तुम्ही ऐकून कसं घेता? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते म्हणाले, "त्यांनी नवरा घालवलाय गं. माझं काय जातं वाकायला? लाज तुझी तूच धरून बसलीयेस."

मला राग आला होता. वाटलं, ह्यांना मानच नाही, म्हणून अपमान होत नाही.

दिवस भरले. मला सरकारी इस्पितळात नेलं. रात्रभर आई उशाशी होती. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती गावच्या देवीला काय काय कबूल करत होती ते मी ऐकत होते. सकाळी मुलगी झाली. नीट, रडकी, केसाळ. हे कामावर होते, त्यांना निरोप गेला, तसेच निघून आले. वॉर्डात शिरले तोच मळीचा वास पुढे आला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या. सवयीप्रमाणे हे आईपुढे वाकले.

आई म्हणाली, "ऱ्हवांदे आता." आणि तिनं दुपट्यात गुंडाळलेली पोर सरळ त्यांच्या हातांवर ठेवली.

हे पोरीला घेऊन माझ्या खाटेशी आले. मला दाखवायला खाली वाकले. त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं, तेव्हा मी पोरीकडे बघत होते, खरंच तिच्याकडेच बघत होते, आणि मी श्वास ओढून घेतला. मुद्दाम केलं नाही. पण जरा जास्तच ओढला, आणि नाकानं.

ह्यांना ते कळलं. पोरीला एका हातावर सावरलं आणि, जसं रोज दारात सासूसमोर उघडायचे तसं, माझ्यासमोर तोंड उघडलं, आणि माझं होईपर्यंत तसेच वाकून थांबले.