मागच्या सीटवर बसणारे साहेब

आमच्या शाळेच्या बस तपासायला येणारे आरटीओचे साहेब चहासुद्धा घेत नाहीत. ब्रेक, टायर पाहून झाले की मागच्या सीटवर बसतात आणि संकटकाळी उघडायच्या दारातून स्वतः खाली उतरतात.

परवा ते दार हललंच नाही.

"गंजलंय साहेब, उद्या करतो," ड्रायव्हर म्हणाला.

"मग पोरंबी उद्याच न्या," म्हणत त्यांनी बस थांबवली.

शाळेच्या बसचं काम माझ्याकडे; दार नीट असल्याच्या कागदावर मी न बघताच सही केली होती. तो कागद माझ्या हातात देत साहेब हळूच म्हणाले, "सर, आदी उघडून बघायचं, मग सही."

त्या बसने जाणारी तुंगार्ली गावची पोरं त्या दिवशी मी चालत घरी पोहोचवली. माझी मुलगीही त्यांत होती. रस्ताभर मी मनात साहेबांचे आभार मानत होतो.